आधी जीव, मग पाय, मग खेळ : क्रीडा-दुखापतींचे सर्जन व्हायचे असेल तर

३० डिसेंबर २०२२च्या पहाटे रुर्कीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंतची मोटार दुभाजकावर आदळली आणि पेटली. त्याचा उजवा गुडघा जागेवरून निखळला होता. गुडघ्याच्या मागच्या बाजूने पायाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते. गुडघा निखळताना ती फाटली आणि काही तासांत दुरुस्त झाली नाही, तर पाय गमवावा लागू शकतो. त्यामुळे त्या सकाळी पहिला प्रश्न क्रिकेटचा नव्हताच. आधी जीव, मग पाय आणि त्यानंतर खेळ, हाच क्रम होता. पुढे त्याला डेहराडूनहून मुंबईला आणले. जानेवारी २०२३मध्ये कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या लिगामेंट्सवर शस्त्रक्रिया केली. मार्च २०२४मध्ये पंत आयपीएलमध्ये उतरला आणि त्याच जूनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय टी-ट्वेंटी संघाच्या यष्टींमागे तोच उभा होता.

अशा बातम्या वाचून दहावी-बारावीतली कितीतरी मुले ठरवतात, ‘मला खेळाडूंचा सर्जन व्हायचंय.’ इच्छा चांगलीच आहे. पण मुले आणि पालक बहुतेक वेळा शेवटची पायरी पाहून निर्णय घेतात : दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, नामवंत खेळाडू, संघाबरोबरचे दौरे. त्याआधीची दहा-बारा वर्षे कुठे आणि कशी जातात, हे त्यांना फारसे कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हा लेख आहे. जखमी माणसावर उपचार करण्याचा जो क्रम, तोच हे काम शिकण्याचाही क्रम आहे. ज्याला जीव वाचवता येतो आणि मग हातपाय वाचवता येतात, त्यालाच पुढे खेळ वाचवण्याची जबाबदारी पेलते. मधली पायरी गाळून वर जाण्याची वाट नाही आणि ती शोधूही नये.

हे काम नेमके कोणाचे?

खेळाडूच्या दुखापतीभोवती तीन वेगवेगळे व्यावसायिक असतात आणि त्यांची गल्लत होते. पहिला क्रीडावैद्यक तज्ज्ञ म्हणजे स्पोर्ट्‌स फिजिशियन. तो शस्त्रक्रिया करत नाही. दुखापतीचे निदान, औषधे, सरावाचा भार, पुनरागमनाचे वेळापत्रक हे त्याचे क्षेत्र. दुसरा फिजिओथेरपिस्ट. खेळाडू सर्वाधिक काळ त्याच्याच सहवासात असतो. तिसरा अस्थिरोग सर्जन. निखळलेला सांधा, मोडलेले हाड, फाटलेले लिगामेंट किंवा मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, यांवर शस्त्रक्रिया लागेल तेव्हा ती तो करतो. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या वाटेबद्दल आहे.

या सर्जनच्या बाह्यरुग्ण विभागात एखादा दिवस बसून पाहिले, तर चित्र बातम्यांपेक्षा वेगळे दिसते. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावून नडगीचे हाड दुखावून घेतलेला मुलगा येतो. शाळेच्या कबड्डी संघातली मुलगी येते. रविवारी टेनिस-बॉल क्रिकेट खेळणारा, खांदा धरून बसलेला चाळिशीतला बँक कर्मचारी येतो. आणि खेळाशी काहीही संबंध नसलेला, दुचाकीवरून पडून गुडघ्याचे लिगामेंट फाटलेला तरुणही येतो. आपल्याकडे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले पुढचे तिरके लिगामेंट, फाटण्यामागे मैदानाइतकाच रस्त्यावरच्या अपघातांचाही हात असतो. म्हणून ‘अपघात’ आणि ‘खेळ’ या दोन कप्प्यांत हे काम वाटता येत नाही. ब्रिटनमध्ये तर ट्रॉमा आणि ऑर्थोपेडिक्स ही एकच विशेष शाखा मानली जाते. खेळदुखापतींचे काम त्या शाखेच्या आत, नंतर येते.

खेळ माहीत असला की दुखापत लवकर कळते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडलेला असतो, पाय मॅटवर रोवलेला असतो आणि निसटण्यासाठी तो अंग फिरवतो. त्या क्षणी सारा पीळ गुडघ्यात उतरतो. कुस्तीत खांदा आणि गुडघा यांच्याबरोबर मानेचीही काळजी असते. खो-खोत सूर मारताना हात आणि खांदा, अचानक दिशा बदलताना घोटा. वेगवान गोलंदाज तरुण असेल आणि पाठ दुखत असेल, तर कमरेच्या मणक्याला ताणाने पडणारी बारीक चीर शोधावी लागते. दहीहंडीच्या दिवशी मुंबईतल्या केईएम, शीव, नायर अशा रुग्णालयांत थरांवरून पडलेले गोविंदा येतात. तिथे तर खेळाची दुखापत आणि मोठा अपघात यांत काही अंतरच उरत नाही : डोके, मणका, खुबा, मनगट, काहीही जखमी झालेले असू शकते.

शिक्षणाची वाट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि त्यानंतर नीट-यूजी, हा पहिला टप्पा. परीक्षा ७२० गुणांची. त्यात अर्धे प्रश्न जीवशास्त्राचे असतात. महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. राज्याची प्रक्रिया सीईटी कक्ष राबवतो. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांना त्यानंतर बंधपत्रित सेवाही असते. पालकांनी हा काळ वाया गेला असे समजू नये. ग्रामीण रुग्णालयात एकट्याने रात्र काढलेला डॉक्टर पुढे कुठल्याही शहरात गोंधळत नाही.

दुसरा टप्पा नीट-पीजी. अस्थिरोगशास्त्राला चांगली मागणी असते, म्हणून इथे गुणांची चुरस मोठी आहे. तीन वर्षांचे एमएस ऑर्थोपेडिक्स किंवा तितक्याच काळाचे डीएनबी, हे दोन मुख्य मार्ग. एमएस वैद्यकीय महाविद्यालयांत होते. डीएनबी नॅशनल बोर्डाने मान्यता दिलेल्या रुग्णालयांत होते आणि त्यांत अनेक मोठी खासगी व ट्रस्टची रुग्णालयेही असतात. विद्यार्थी विचारतात, दोन्हींत चांगले कोणते? मी त्यांना पदवीच्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहायला सांगेन : तिथे अपघाताचे रुग्ण किती येतात, निवासी डॉक्टरच्या हाती शस्त्रक्रिया किती येतात आणि वरिष्ठ उभे राहून शिकवतात का. या तिन्ही गोष्टी तिथे सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या रुग्णालयात स्वतः जाऊन या.

तिसरा टप्पा फेलोशिपचा. नॅशनल बोर्डाची स्पोर्ट्‌स मेडिसिनमधली एफएनबी दोन वर्षांची असते आणि तिच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शिवाय गुडघा, खांदा आणि आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्यातली दुर्बीण-शस्त्रक्रिया, यांच्या फेलोशिप अनेक नावाजलेल्या केंद्रांत मिळतात. त्या सहसा सहा महिने ते एक वर्षाच्या असतात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातले स्पोर्ट्‌स इंज्युरी सेंटर २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने उभे राहिले. सरकारी व्यवस्थेत खास या कामासाठी उभे असलेले ते महत्त्वाचे केंद्र आहे. पुण्यात संचेती रुग्णालयासारख्या, अस्थिरोगांना वाहिलेल्या संस्था आहेत. परदेशी फेलोशिपही मिळतात. मात्र त्यांतल्या काहींत फक्त पाहायला मिळते आणि काहींत हाताने काम करायला मिळते. अर्ज करण्यापूर्वी हा फरक विचारून घ्या.

एकूण हिशेब असा : अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि कुठेही वर्ष गेले नाही, तरी स्वतःच्या जबाबदारीवर खेळदुखापतींचे काम सुरू करेपर्यंत तिशी उजाडते. घरात हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. प्रवेशाचे नियम आणि परीक्षेचे स्वरूप बदलत असते. ते ऐकीव माहितीवर न ठेवता त्या-त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच वाचावे.

निवासी डॉक्टरची तीन वर्षे : इथेच पाया घातला जातो

खेळाडूंचा सर्जन होऊ पाहणाऱ्या काहींना पहिल्या वर्षाचे काम कंटाळवाणे वाटते. प्लास्टर घालणे, ट्रॅक्शन लावणे, जखमा धुणे, रात्री-बेरात्री एक्स-रे घेऊन धावणे. पण हाच काळ सर्वांत मोलाचा आहे. अपघात विभागात आलेल्या रुग्णाचा मोडका पाय डोळ्यांत भरतो. शिकलेला डॉक्टर मात्र आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था तपासतो आणि त्यानंतर पायाकडे वळतो. एटीएलएस या प्रशिक्षणात हाच क्रम घोटून घेतला जातो. ते शक्य तितक्या लवकर करा.

त्यानंतर हातपाय वाचवण्याचे शिक्षण. इथे घड्याळाला फार किंमत असते. हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, तर पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवे. पोटरीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला, तर काही तासांत स्नायू मरू लागतात. त्याची पहिली खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, आणि पायाची बोटे ताणली की वाढणारी कळ. गावाकडे हाडवैद्याने घट्ट बांधलेल्या पट्टीखाली हाच प्रकार घडून हात काळा पडलेली मुले आजही येतात. निखळलेला गुडघा आपोआप जागेवर बसला, तरी पावलाची नाडी पुन:पुन्हा तपासायची असते, कारण धमनीच्या आतल्या अस्तराला पडलेली चीर काही तासांनी रक्तप्रवाह बंद करू शकते. या गोष्टी पुस्तकात चार ओळींत संपतात. त्या अंगवळणी पडतात वॉर्डातच.

हाडे जोडण्याच्या तंत्राची शिस्त १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जननी स्थापलेल्या एओ या गटाने जगाला दिली. तिचे प्राथमिक आणि पुढचे अभ्यासक्रम भारतातही होतात. निवासी काळात प्राथमिक अभ्यासक्रम जरूर करावा. केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद वहीत ठेवा : रुग्णाचे वय, दुखापत, काय केले, सहा महिन्यांनी काय झाले. शेवटचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत. सर्जन घडतो तो त्याच रकान्यातून.

दुर्बीण, हात आणि डोळे

सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये झाली. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस वापरण्याजोगा आर्थ्रोस्कोप तयार केला आणि १९६२ साली दुर्बिणीतून मेनिस्कसचा फाटलेला भाग काढला. आज गुडघ्याच्या पुढे दोन छोटी छिद्रे पाडून, साधारण चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालून, सलाईनने सांधा फुगवून, पडद्यावर पाहत ही शस्त्रक्रिया होते.

पाहणारा सर्जन पडद्याकडे तोंड करून असतो, हात खाली काम करत असतात आणि दुर्बिणीचे भिंग तिरके असल्याने चित्र सरळ समोरचे नसते. दोन्ही हातांची टोके आत एकाच बिंदूवर आणणे हे यातले मूळ कौशल्य आहे. ते रुग्णावर शिकू नये. सिम्युलेटर, हाडांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती आणि मृतदेहावर सराव करून घेणाऱ्या कार्यशाळा त्यासाठीच असतात. महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशन, बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटी, इंडियन आर्थ्रोस्कोपी सोसायटी यांसारख्या संघटनांच्या परिषदा आणि कार्यशाळांवर लक्ष ठेवा. निवासी डॉक्टरांना तिथे पुष्कळदा सवलत असते.

तंत्राइतकेच शरीररचनाशास्त्र पक्के हवे. एसीएल नव्याने बसवताना स्वतःच्याच शरीरातला कंडरा वापरतात : मांडीच्या मागचा, गुडघ्याच्या वाटीखालचा, मांडीच्या पुढचा किंवा घोट्याजवळचा. कुठला घ्यायचा, हे खेळ पाहून ठरते. वेगाने धावणाऱ्या खेळाडूला मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद लाखमोलाची असते. कुस्तीगीर गुडघ्यावर वारंवार टेकतो, तेव्हा वाटीजवळचा कंडरा काढला तर त्याला ती जागा पुढे त्रास देऊ शकते. एकाच फाटलेल्या लिगामेंटला दोन खेळाडूंसाठी दोन उत्तरे निघतात. ते उत्तर शोधता येण्यासाठी खेळ आतून समजलेला असावा लागतो. म्हणून स्वतः एखादा खेळ खेळा, निदान नियमित पाहा. तालमीत जाऊन वस्तादांशी बोला, कबड्डीच्या प्रशिक्षकाला पकडींची नावे विचारा.

कधी शस्त्रक्रिया करायची नाही, हे शिका

या क्षेत्रातल्या चांगल्या सर्जनची ओळख त्याने केलेल्या शस्त्रक्रियांइतकीच त्याने न केलेल्या शस्त्रक्रियांवरून होते. मुरगळलेल्या बहुतेक घोट्यांना, टेनिस एल्बोच्या बहुतेक रुग्णांना, स्नायू ताणल्याच्या जवळपास सगळ्या दुखापतींना विश्रांती, भारनियंत्रण आणि शिस्तबद्ध व्यायामच पुरतो. सचिन तेंडुलकरला २००४मध्ये टेनिस एल्बोने गाठले आणि २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, हे सगळ्यांना आठवते. पण तो अपवादाच्या बाजूचा रुग्ण होता. त्याच्याकडे बोट दाखवून ‘आमच्याही मुलाचं करून टाका’ म्हणणाऱ्या पालकांना नाही म्हणता यायला हवे. एमआरआयच्या अहवालातला प्रत्येक शब्द हा आजार नसतो. अहवालाआधी खेळाडूला हात लावून तपासा, मग अहवाल वाचा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. हातावर पडलेल्या मुलाला अंगठ्याच्या बुडाशी खोबणीत दुखत असेल आणि एक्स-रे साफ असेल, तरी स्कॅफॉइड हाडाचे फ्रॅक्चर नाही असे समजू नये. ते पहिल्या दिवशी कधीकधी दिसत नाही आणि सुटले तर न जुळण्याचा धोका असतो. वाढत्या वयातल्या खेळाडूंच्या हाडांना वाढीच्या पट्ट्या असतात. तिथली दुखापत ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडली, तर हाड वाकडे वाढू शकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वर्षभर एकाच खेळाचा सराव करायला लावणाऱ्या अकादम्या वाढत आहेत. त्या मुलांच्या पालकांना विश्रांतीचे महत्त्व पटवून देणे, हेही याच सर्जनचे काम आहे.

टाके निघाल्यावर खरे काम सुरू होते

भालाफेकपटू नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. जानेवारी २०२०मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता गाठली आणि ऑगस्ट २०२१मध्ये टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीवर सुवर्ण जिंकले. शस्त्रक्रिया आणि पात्रता फेक यांच्यामधले ते महिने बातम्यांत दिसत नाहीत. खेळाडूचे भवितव्य त्याच काळात ठरते.

कुस्तीगीर विनेश फोगाटचे उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवावे. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली लढत चालू असतानाच तिचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. अशा पुनरागमनामागे सर्जन, फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक आणि घरची माणसे एकाच वेळापत्रकावर चालत असतात.

एसीएलच्या जागी बसवलेला कंडरा सुरुवातीच्या काही आठवड्यांत बळकट होण्याऐवजी आणखी कमकुवत होतो आणि मग हळूहळू त्याच्यात रक्तपुरवठा होऊन तो लिगामेंटचे काम घेऊ लागतो. खेळाडूला मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बरे वाटू लागते. धोका नेमका इथे असतो. गुडघ्याला पीळ देणारे खेळ नऊ महिन्यांच्या आत पुन्हा सुरू केले, तर गुडघा पुन्हा जाण्याचा धोका लक्षणीय वाढतो. म्हणून पुनरागमन कॅलेंडरवर न ठरवता चाचण्यांवर ठरवावे : मांडीच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के आहे का, एका पायावर उड्या मारताना अंतर सारखे पडते का, उतरताना गुडघा आत वळतो का, आणि मनात भीती उरली आहे का. संघव्यवस्थापन, प्रायोजक, कधी स्वतः खेळाडू ‘फक्त हा एक सामना’ म्हणून दबाव आणतील. त्या वेळी सर्जनने खेळाडूच्या पुढच्या दहा वर्षांच्या बाजूने उभे राहायचे असते.

खेळ सोडावा लागणार, हे सांगण्याची वेळही येते. कुस्तीवर घर उभे असलेल्या मुलाला ते सांगताना घाई करू नका, खोटी आशा दाखवू नका आणि पुढे काय करता येईल याबद्दल बोलल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.

मैदानावर उभे राहायचे असेल तर

संघाचा डॉक्टर होण्याची सुरुवात राष्ट्रीय संघापासून होत नाही. जिल्हा क्रीडा स्पर्धा, शालेय सामने, गावच्या जत्रेतली कुस्ती मैदाने, शहरातल्या मॅरेथॉन, यांना वैद्यकीय मदत नेहमीच हवी असते. इंटर्न असल्यापासून तिथे जायला लागा. मैदानावरचे नियम थोडे पण कडक आहेत. पडलेला खेळाडू मान दुखते म्हणत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर मान स्थिर ठेवल्याशिवाय त्याला हलवायचे नाही. डोक्याला मार लागून क्षणभर जरी गोंधळ झाला, तरी त्या दिवशी खेळ बंद. घोट्याला हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. सामना सुरू होण्यापूर्वी जवळचे ट्रॉमा सोय असलेले रुग्णालय कुठे आहे आणि रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल, हे पाहून ठेवणे हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

औषधांच्या बाबतीत विशेष सावध राहा. खेळाडू जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीला बांधील असतो. भारतात ‘नाडा’ तिची अंमलबजावणी करते आणि २०२२पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. दुखऱ्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन ही अस्थिरोगतज्ज्ञाची रोजची गोष्ट. पण २०२२च्या सुरुवातीपासून स्पर्धाकाळात स्टेरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने प्रतिबंधित आहेत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही २०२४पासून स्पर्धाकाळात चालत नाही. डॉक्टरने नकळत लिहिलेल्या एका गोळीमुळे खेळाडूची कारकीर्द डागाळू शकते. प्रत्येक औषध लिहिण्यापूर्वी चालू वर्षाची यादी पाहा. उपचारासाठी ते औषध लागतच असेल, तर पूर्वपरवानगीची जी रीतसर प्रक्रिया आहे ती पार पाडा.

पैसा, वेळ आणि स्वतःचे शरीर

सुरुवातीची वर्षे विद्यावेतनावर जातात. खासगी महाविद्यालयांची फी मोठी असते. कर्ज काढण्यापूर्वी महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि शासकीय जागांचे पर्याय पूर्ण तपासा. पुढे कामाचे प्रकार अनेक आहेत : वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, मोठ्या रुग्णालयात नोकरी, दोन-तीन रुग्णालयांत जाऊन काम, किंवा स्वतःचे रुग्णालय. निव्वळ खेळाडूंवर संसार चालवणारे सर्जन देशात फार थोडे आहेत. बाकीच्यांच्या कामात फ्रॅक्चर, वृद्धांचे गुडघे आणि रस्त्यावरचे अपघात असतातच. जिल्ह्याच्या ठिकाणी तर ट्रॉमाचे काम हाच आधार असतो आणि त्याच्या जोडीने खेळदुखापतींचे काम वाढवता येते. तिथे या कौशल्याची गरजही जास्त आहे. तालुक्याच्या खेळाडूला एसीएल फाटल्याचे निदान व्हायलाच कित्येक महिने लागतात आणि तोवर मेनिस्कसही झिजलेला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि कागदपत्रे कोणती लागतात, हे माहीत असलेला सर्जन अनेक घरे कर्जातून वाचवतो.

शरीराची किंमतही मोजावी लागते. तासन्‌तास उभे राहणे, जड हातपाय उचलणे, शस्त्रक्रियेत वापरायच्या सी-आर्म या एक्स-रे यंत्राचा किरणोत्सर्ग. शिशाचा एप्रन, गळ्याला संरक्षक पट्टा आणि किरणोत्सर्ग मोजणारा बॅज, यांत कधीही सूट घेऊ नका.

मुलींना अजूनही सांगितले जाते की अस्थिरोगशास्त्र ‘ताकदीचे काम’ आहे, त्यांच्यासाठी नाही. हे मुळीच ऐकू नका. हाड जागेवर बसते ते योग्य भूल, योग्य दिशा आणि योग्य तरफ यांनी. शिवाय मुलींमध्ये एसीएल फाटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा बरेच जास्त असते आणि पाळी, पोषण, हाडांची घनता यांबद्दल त्या स्त्री डॉक्टरशी मोकळेपणाने बोलतात. या शाखेला स्त्री सर्जन हव्या आहेत.

आणि शस्त्रक्रियेकडे ओढा नसेल, पण खेळाडूंबरोबर काम करायचे असेल, तर एमडी स्पोर्ट्‌स मेडिसिन, फिजिओथेरपीचे बीपीटीएच आणि त्यापुढे क्रीडा शाखेतले पदव्युत्तर शिक्षण, क्रीडापोषण, क्रीडामानसशास्त्र या स्वतंत्र आणि सन्मानाच्या वाटा आहेत. सर्जन होता आले नाही म्हणून त्या धरू नका. आवडतात म्हणून धरा.

आज, तुमच्या टप्प्यावर काय कराल?

नववी-दहावीत असाल तर एक खेळ नियमित खेळा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्या. अकरावी-बारावीत नीटच्या अभ्यासाला प्राधान्य द्या. भौतिकशास्त्रातले बल, तरफ आणि आघूर्ण मन लावून शिका, कारण सांध्यांचे सारे गणित त्यावरच चालते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर खांदा आणि गुडघा स्वतःच्या हाताने उलगडा. क्लिनिकल वर्षांत अपघात विभागात रात्री थांबा. इंटर्नशिपमध्ये निदान दोन स्पर्धांना वैद्यकीय मदत करा. निवासी झाल्यावर दोन वर्षे फक्त ट्रॉमा मनापासून शिका, आर्थ्रोस्कोपीची घाई करू नका. तिसऱ्या वर्षी फेलोशिपचे अर्ज, एखादा शोधनिबंध आणि जवळच्या क्रीडा संकुलाशी संपर्क, ही तयारी सुरू करा.

पालकांसाठी एकच विनंती. मुलाची किंवा मुलीची या कामाची तयारी गुणपत्रिकेवर जेवढी दिसते, त्याहून जास्त धीरावर दिसते. सायकलवरून पडलेल्या भावंडाला पाहून मूल घाबरते की जवळ जाते, हरलेल्या मित्राजवळ बसते का, एखादी गोष्ट जमेपर्यंत पुन:पुन्हा करते का, हे पाहा. ते असेल, तर बाकीचे शिकवता येते. आपल्या राज्यात शाळाशाळांत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती खेळली जाते, पण दुखापत झाली की गुणी मुलांचा खेळ पुष्कळदा तिथेच थांबतो, कारण जवळपास त्यांना तपासणारे कोणी नसते. जिल्ह्याजिल्ह्यांत असे सर्जन उभे राहिले, तर त्यांतली कितीतरी मुले पुन्हा खेळू शकतील. त्यासाठी दहा-बारा वर्षे द्यायची तयारी असेल, तर ही वाट निश्चिंत मनाने धरा.